आधी समजून घेऊ, मग सही करू
(बंगळूर येथील सभेतील भाषण)



बदलीवर बंगळूरला आलो तेव्हा आम्हांला कन्नड येत नव्हते आणि इंग्रजीची धास्ती होती. आमच्या एका साथीने मोठ्या शिक्षेच्या इंग्रजी आरोपपत्रावर पोहोच समजून कबुलीचीच सही केली. रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांनुसार उत्तराला १० दिवस मिळतात, चौकशीत मदतीला सहकारी घेता येतो, हे आम्हांला मागाहून कळले.

तेव्हापासून ड्यूटी सुटल्यावर आम्ही एकत्र बसतो. मेमो, आरोपपत्र, रजेचा अर्ज हीच आमची इंग्रजीची पुस्तके. कन्नड शिकवतात इथले गँगमन आणि पोस्टमन बांधव. 'अण्णा', 'अक्का' तर त्यांच्याच भाषेतून आपल्या घरी आलेले!

भाषा न येणे हा गुन्हा नव्हे. नवा साथी आला, की पहिल्याच दिवशी त्याला शेजारी बसवू या.