आधी पाय पाहा

ब्रिटनमधल्या घरांत उन्हाळ्यात खिडकीच्या काचेवर कधी कधी पिवळसर तांबूस रंगाचा, साधारण सेंटिमीटरभर लांबीचा भुंगेरा सापडतो. पंखांची टोके तेवढी काळी. त्याच दिवसांत बाहेरच्या रानफुलांवर जवळपास त्याच रंगाचा, तशाच काळ्या टोकांचा दुसरा भुंगेरा झुंडीने दिसतो. पहिला नॅसर्डिस मेलॅन्युरा ऊर्फ व्हार्फ बोरर, फॉल्स ब्लिस्टर बीटलांच्या ईडेमेरिडी कुळातला. दुसरा रॅगोनिका फुल्वा, एक सोल्जर बीटल. चित्राशी रंग ताडून पाहणारा इथे सहज फसतो. म्हणून माझे म्हणणे असे, की भुंगेरा ओळखताना रंगाच्या आधी पाय पाहावेत. सोल्जर बीटलाच्या सहाही पावलांना पाच-पाच पेरे असतात. व्हार्फ बोररच्या पुढच्या आणि मधल्या पावलांना पाच, मागच्यांना मात्र चारच. या एका मोजणीने सोल्जर बीटल बाद होतो. खरे ब्लिस्टर बीटल, म्हणजे आपल्याकडे तुरीच्या फुलांवर येणाऱ्या मायलेब्रिसचे भाऊबंद, एवढ्याने बाद होत नाहीत, कारण त्यांच्याही पेरांची संख्या हीच. पण त्यांचे प्रत्येक नख दुभंगलेले असते आणि डोक्यामागे मान आवळलेली असते. व्हार्फ बोररचे तसे नसते. उरला कुळातल्या कुळातला प्रश्न. तो पुढच्या पायाच्या पोटरीच्या टोकाशी सुटतो: व्हार्फ बोररला तिथे एकच काटा असतो.

एवढा बारकावा अभ्यासकांपुरता ठीक, घरमालकाला त्याचे काय, असे कोणी विचारील. खरी गरज घरमालकालाच आहे. व्हार्फ बोररच्या अळ्या ओल्या, कुजत्या लाकडात वाढतात. तो घरात वारंवार निघत असेल, तर जवळपास कुठेतरी लाकडात पाणी मुरते आहे. तिथे औषध फवारून भागत नाही, ओल शोधून थांबवावी लागते. सोल्जर बीटल मात्र बाहेरून भरकटत आलेला असतो; त्याच्यासाठी फरशी उखडणे म्हणजे निव्वळ खर्च. दुसरा आक्षेप मोबाइलच्या फोटोचा. फोटो जरूर काढावा, परंतु वरून काढलेल्या फोटोत ना मागच्या पावलाची पेरे दिसतात, ना पोटरीवरचा काटा. भुंगेरा हाती असेल तर त्याला चिमटीत चिरडू नका. व्हार्फ बोररच्या कुळातल्या अनेक जातींच्या अंगात कँथॅरिडिन असते आणि त्याने कातडीवर फोड येतात. शिवाय पाय तुटले, तर ओळखीचा पुरावाच गेला. तो अखंड बाटलीत घ्या आणि भिंगाखाली आधी मागचे पाऊल पाहा.