मक्यातले विष आणि तपासणीचा हक्क



१९७४ सालच्या अखेरीस गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यात आणि शेजारच्या राजस्थानातील बांसवाडा जिल्ह्यात काविळीची एक विलक्षण साथ आली. दोनशेहून अधिक खेड्यांत माणसे आजारी पडली. कावीळ होई, थोड्याच दिवसांत पोटात पाणी साठे आणि अनेकांचा त्यात अंत होई. नोंदल्या गेलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. ही साथ मका हेच मुख्य अन्न असलेल्या आदिवासींपुरती राहिली. त्यांच्या दारची, त्याच भाकरीवर जगणारी कुत्रीही त्याच रोगाने मेली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी कारण शोधून काढले. त्या वर्षी कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला. मका भिजला, तसाच साठविला गेला आणि त्यावर ‘अस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी चढली. या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. त्या मक्यात ते किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. धान्यासाठी आज भारतात मान्य असलेली मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच्या सुमारे एक हजारांश आहे. बुरसटलेले दाणे त्या माणसांना दिसत नव्हते असे नाही. पण घरात दुसरे धान्य नव्हते.

हे विष तेव्हा विज्ञानाला नवे नव्हते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातील ब्राझीलच्या भुईमूग-पेंडीत दोष सापडला आणि काही वर्षांतच या विषाचे रूप उलगडले. पंचमहालात माणसे मरू लागली तेव्हा त्या ज्ञानाला दशकाहून अधिक काळ लोटला होता. ते आदिवासी पाड्यापर्यंत पोहोचलेले नव्हते.

या विषाला रंग, वास, चव नाही. भाकरी भाजली, कण्या शिजविल्या, तरी ते बहुतांशी टिकून राहते. अतिनील प्रकाशात मात्र ते निळे वा हिरवट चमकते आणि पहिल्या परीक्षा याच गुणावर उभ्या राहिल्या. आज प्रयोगशाळेतील यंत्रे अब्जांश प्रमाणही मोजतात. जागच्या जागी करावयाच्या पट्टी-चाचण्याही निघाल्या आहेत. खरी अडचण नमुन्याची आहे. विष राशीत सारखे पसरत नाही. शेकडो दाणे निर्दोष आणि एखादाच दाणा विषाने भरलेला, असे घडते. पोत्यात एकदा सळई खुपसून काढलेल्या मूठभर दाण्यांवर दिलेला निर्वाळा म्हणूनच फसवा ठरतो. राशीच्या अनेक जागांचे दाणे घेऊन, एकत्र दळून मग परीक्षा करावी लागते.

धोका केवळ साथीपुरता नाही. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणले आहे. ज्याच्या शरीरात हेपॅटायटिस-बीचा विषाणू आहे त्याच्या बाबतीत हा धोका सुमारे तीसपट ठरतो, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीचे १९९७ चे मूल्यमापन आहे. धोका मोजताना दोन आकडे लागतात: अन्नात विष किती आणि ते अन्न पोटात जाते किती. ज्याच्या ताटात मका क्वचित येतो त्याचे गणित वेगळे. दोन्ही वेळ मक्यावरच जगणाऱ्याचे वेगळे. मर्यादा एकच असली तरी दारिद्र्य तिचा अर्थ बदलून टाकते.

आता तपासणी कोणाच्या वाट्याला येते ते पाहावे. युरोपात जाणारे भुईमुगाचे दाणे प्रयोगशाळेच्या दाखल्याशिवाय रवाना होत नाहीत. थेट खाण्याच्या धान्यासाठी व भुईमुगासाठी तेथील मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम आहे. देशातील दुधाची २०१८ साली पाहणी झाली तेव्हा ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये हे विष मर्यादेहून अधिक आढळले. ते जनावरांच्या पेंडीतून व चाऱ्यातून दुधात उतरते. विकल्या जाणाऱ्या अन्नावर निदान अशी नजर तरी आहे. पण २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा शेतकऱ्याला व त्याच्या पिकाला लागू होत नाही. आपल्याच शेतातला मका आपल्याच चुलीवर भाजून खाणारा माणूस या सर्व व्यवस्थेच्या बाहेर राहतो. १९७४ साली मेलेली माणसे याच वर्गातली होती.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी धान्याचा ओलावा मोजण्याची व पट्टी-चाचणीची विनामूल्य सोय हवी. गावोगाव पक्की खळी व कोरडी गोदामे हवीत. अवकाळी पावसानंतर बुरसटलेले धान्य नष्ट करावयास सांगताना त्याच हाताने तितकेच चांगले धान्य दिले गेले पाहिजे. रिकाम्या कणगीला उपदेश पुरत नाही.

कार्यकर्त्यांनीही कापणीच्या काळात पाऊस झाला की वाड्या-पाड्यांवर जावे. मका वाळला का, दाणे निवडले का, हे विचारावे. एकाच वेळी अनेक घरांत कावीळ दिसली, किंवा दारची कुत्री मरू लागली, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवावे आणि कणगीतील दाणे तपासावयास लावावे. निर्यातीच्या पोत्याला मिळणारी तपासणी त्या कणगीलाही मिळाली पाहिजे.