मुद्दल आणि सवलत



आपली मुले संगणक शिकून पुण्या-मुंबईच्या नव्या कंपन्यांत जातात. काहींना स्वतःचीच कंपनी काढायची असते. म्हणून आज अशाच एका कंपनीची हकीकत सांगतो.

मुंबई आयआयटीतील पाच तरुणांनी २०१४ मध्ये 'टायनीआऊल' काढली. मोबाईलवरून हॉटेलातले जेवण घरी मागवायचे, असा हा धंदा. मुले हुशार होती, यात शंका नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत गुंतवणूकदारांनी सुमारे १०० कोटी रुपये दिले. मग शहरामागून शहरे घेतली, भराभर नोकरभरती झाली, गिऱ्हाईक यावे म्हणून सवलती वाटल्या. या धंद्यात तेव्हा हॉटेलकडून कमिशन थोडे मिळायचे. सवलत, पोचवणावळ आणि पगार मात्र जास्त. ताटामागे तोटा असेल तर ताटे वाढून तोटाच वाढणार! भरवसा होता तो पुढच्या गुंतवणुकीवर, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात गुंतवणूकदारांनी हात आखडला.

सप्टेंबरात नोकरकपात झाली, नोव्हेंबरात पुन्हा. पुण्याच्या कार्यालयात काढलेल्या मुलांनी एका संस्थापकाला देणे चुकते होईपर्यंत बाहेर पडू दिले नाही. पोलीस आले. माणसाला अडकवून ठेवणे गैरच. पण त्या मुलांनाही घरभाडे भरायचे होते. २०१६ मध्ये कंपनी दुसरीत विलीन झाली आणि २०१७ मध्ये तीही झोमॅटोने घेतली.

आयआयटीवाल्याला दुसरा डाव मिळतो. आपल्यातला जो घरातला पहिला पदवीधर, ज्याच्या पगारावर बहिणीचे शिक्षण आणि घराचा हप्ता, त्याचे दोन पगार थकले की घर कर्जात जाते.

भांडवल घातल्याशिवाय धंदा उभा राहत नाही, हे मान्य. गिरणीवालाही आधी यंत्र घेतो. पण यंत्र मागे उरते, सवलतीत वाटलेला पैसा उरत नाही. आपल्या त्रिरश्मी लेण्यांत, १० क्रमांकाच्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्खूसंघासाठी ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवले. २००० दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० पाऊण टक्क्याने. मुद्दल काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. २००० चे वर्षाचे व्याज २४०. ते २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. बँकेत इतकी वर्षे काढली, पण याहून नेटका हिशेब क्वचितच पाहिला.

तेव्हा नेमणूकपत्र हाती येताच पगाराचा आकडा पाहून हुरळू नका. कंपनीचा खर्च गिऱ्हाईकाच्या पैशातून चालतो की गुंतवणूकदाराच्या, हे विचारा. भविष्य निर्वाह निधीचे पासबुक आता मोबाईलवर दिसते. दोन महिने त्यात भरणा दिसला नाही, तर तिसऱ्याची वाट न पाहता दुसरीकडे अर्ज टाका.

जयभीम. नमो बुद्धाय.