गुपिताची मुदत

(पंचायत समितीच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



'गोपनीय' हा शब्द आपल्या कचेऱ्यांतून फार सैलपणे वावरतो. ग्रामसभेत रस्त्याच्या खर्चाचा हिशेब विचारला असता 'ते गोपनीय आहे' असे उत्तर देणारे महाभागही आढळतात. म्हणून खरे गुपित कशाला म्हणावयाचे, हे प्रथम पाहू.

केंद्र शासनाच्या कारभारात गुप्त कागदांची रीतसर उतरंड आहे. सर्वांत वर 'अत्यंत गुप्त', त्याखाली 'गुप्त', मग 'गोपनीय' आणि शेवटी 'मर्यादित वापरासाठी'. कागद कोणत्या पायरीवर ठेवावयाचा, हे तो फुटल्यास किती इजा पोहोचेल यावरून ठरावे. त्यावर कोणाची सही आहे यावरून नव्हे. तो पाहण्याची मुभाही केवळ हुद्द्याने मिळत नाही. पाहणाऱ्याचे पूर्ववृत्त तपासलेले असावे लागते आणि त्यानंतरही, हाती असलेल्या कामासाठी हा कागद पाहणे आवश्यक आहे काय, हा प्रश्न उरतोच. मंत्री राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे पदाच्या शपथेबरोबर गोपनीयतेचीही शपथ घेतात. खासदार-आमदारांच्या शपथेत ती नसते.

शिक्षकांना हे अधिक सांगावयास नको. दहावीची प्रश्नपत्रिका परीरक्षकाच्या ताब्यात मोहोरबंद असते, तेव्हा मुख्याध्यापकांनाही ती पाहता येत नाही. परीक्षा संपली की तीच चहाच्या टपरीवर चर्चेला येते आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. निविदेतील दरांचेही तसेच. उघडण्याच्या घटकेपर्यंत ते झाकलेले असावेत, त्यानंतर झाकणे हाच दोष ठरतो. गुपिताला कारण असते, तशी मुदतही असते.

आपली अडचण अशी, की शासकीय गुपिते अधिनियम १९२३ सालचा, परकीय राज्यकर्त्यांनी केलेला. त्यात 'गुपित' या शब्दाची व्याख्याच नाही! त्यामुळे शिक्का मारणाऱ्याचा हात मोकळा राहिला. त्याला पहिला मोठा अटकाव न्यायालयातून झाला. राजनारायण यांनी आपल्या निवडणूक याचिकेत 'ब्ल्यू बुक', म्हणजे पंतप्रधानांच्या दौऱ्यातील सुरक्षेच्या सूचनांची पुस्तिका, पुराव्यासाठी मागितली. उत्तर प्रदेश शासनाने नकार दिला. जानेवारी १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा आदेश रद्द करून प्रश्न फेरविचारासाठी परत पाठविला. पण कागद उघड करणे लोकहिताला बाधक आहे की नाही, हे अखेर न्यायालयच ठरवील, हेही स्पष्ट केले. लोकांच्या नावाने होणारे प्रत्येक सार्वजनिक कृत्य जाणण्याचा लोकांना हक्क आहे, असे न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी त्याच निकालात नमूद केले. पुस्तिका तर सुरक्षेविषयीची होती. रस्त्याच्या हिशेबाची काय कथा!

महाराष्ट्राने २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला. २००५ मध्ये केंद्राचा अधिनियम आला. त्याच्या कलम २२ ने १९२३ च्या कायद्यावर मात केली आहे. जुना कायदा रद्द करावा, तसेच मंत्र्यांची गोपनीयतेची शपथ काढून पारदर्शकतेची शपथ आणावी, अशी शिफारस दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये केली. ती अमलात आलेली नाही. ती यावी, असे माझे मत आहे.

देशाच्या सुरक्षेची किंवा एखाद्याच्या जिवाला धोका पोहोचेल अशी माहिती आजही देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र एका ओळीसाठी सबंध नस्ती अडविता येत नाही. कलम १० प्रमाणे तेवढा भाग वगळून उरलेला द्यावयाचा असतो. नकार द्यावयाचाच असेल, तर त्याचे कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील अर्जदाराला लेखी कळवावा लागतो. तो मसुदा कसा असावा, हे आता आपल्याच तालुक्यात आलेल्या अर्जांवरून पाहू. ग्रामसेवकांनी आपापल्या नोंदवह्या उघडाव्यात.