शाबीत, नाशाबीत आणि शाबीत न झालेले

धानाची कापणी आटोपली की आपल्या झाडीपट्टीतील मोकळ्या बांध्यांत क्रिकेटचे डाव रंगतात, आणि पारावर नामांकित खेळाडूंच्या कज्ज्यांची चर्चाही रंगते. तेथे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "सुटला, कारण पैसेवाला आहे." दुसरे, "आरोप खोटाच, पैशासाठीच केलेला." दोन्ही वाक्ये पुराव्यावाचून उच्चारली जातात, म्हणून आज त्यांचाच विचार करावयाचा आहे.

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने कोणत्याही गोष्टीच्या तीन अवस्था मानल्या होत्या : शाबीत, नाशाबीत आणि शाबीत न झालेली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हा भेद राखला आहे. आरोप शाबीत झाला नाही, एवढ्यावरून तो खोटा ठरला असे होत नाही. खोटेपणा ठरविण्यास स्वतंत्र पुरावा लागतो. आणि जे घडलेच नाही त्याचा पुरावा आणावयाचा कोठून?

जानेवारी २००८ मधील सिडनीच्या कसोटी सामन्याचे उदाहरण घ्या. हरभजनसिंग यांनी ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्स यांना 'माकड' म्हटले, असा आरोप झाला. ऑस्ट्रेलियाच्या काही खेळाडूंनी तो शब्द ऐकल्याचे सांगितले. पंचांनी मात्र तो ऐकला नव्हता. त्या वेळी दुसऱ्या टोकास फलंदाजी करीत असलेले आपले सचिन तेंडुलकर यांनीही साक्ष दिली. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तीन कसोट्यांची बंदी घातली. पुढे त्याच महिन्यात अॅडलेड येथे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे अपील चालले. वर्णद्वेषाचा आरोप शाबीत झाला नाही. अपशब्दांबद्दल मात्र सामन्याच्या मानधनाच्या निम्मा दंड झाला.

येथे सायमंड्स खोटे बोलले असे कोणी ठरविले नाही. परंतु भारतीय क्रिकेट मंडळ अतिशय धनाढ्य, आणि दौरा अर्धवट सुटण्याची भाषाही तेव्हा झाली होती. त्यामुळे हा निकाल पैशाच्या जोरावर मिळाला, असे अनेकांनी म्हटले. धनाने वकील मिळतो, तथापि त्याच धनामुळे सुटकेवरील लोकांचा विश्वास उडतो. उलट, श्रीमंताविरुद्ध तक्रार करणाऱ्या गरिबास प्रथमच लोभी ठरविले जाते. सायमंड्स २०२२ मध्ये निवर्तले. तो प्रश्न आता तेथेच राहिला.

मी आरमोरीकडील एका गावी शिक्षक असताना वर्गातील एका मुलाची कंपासपेटी नाहीशी झाली. तो मजुराचा मुलगा. त्याने बोट दाखविले ते धानगिरणीवाल्याच्या मुलाकडे. साक्षीदार नव्हता, पेटीही सापडली नाही. मी "पुरावा नाही" म्हणालो, येथवर ठीक होते. परंतु पुढे रागाच्या भरात म्हणालो, "उगीच कोणावर आळ घेऊ नये." त्या मुलाने मान खाली घातली, आणि वर्षभर वर्गात हात वर केला नाही. गिरणीवाल्याच्या मुलालाही लाभ झाला नाही. मास्तरांनी वडिलांकडे पाहून सोडले, असेच मुले म्हणत राहिली. माझ्या एका अधिक वाक्याने दोघांचेही नुकसान झाले. खरे काय होते, हे मला आजतागायत कळलेले नाही.

म्हणून, श्रोतेहो, पारावर असा विषय निघेल तेव्हा "शाबीत झाले नाही" एवढेच म्हणावे आणि तेथेच थांबावे. थांबणे कठीण आहे, हे मी अनुभवाने सांगतो.