कणगी आणि देव्हारा

(आजोबांच्या प्रथम पुण्यस्मरणानिमित्त हिंगोली येथे झालेल्या कुटुंबमेळाव्यात नातवाने केलेले भाषण)



आजोबांविषयी बोलायचे, तर संत नामदेवांच्या घरापासूनच प्रारंभ केला पाहिजे. कयाधूकाठचे नर्सी हे परंपरेने मानलेले नामदेवांचे जन्मस्थान, जन्मवर्ष १२७०. औंढ्याच्या नागनाथ मंदिरात त्यांना विसोबा खेचरांचा उपदेश लाभला. पुढे त्यांनी भागवत धर्माची पताका पंजाबपर्यंत नेली. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. आपल्या जिल्ह्यातील शाळकरी मुलांनाही हे ठाऊक असते.

आजोबा मात्र आम्हा नातवंडांना नामदेवांच्या आधी राजाईची कथा सांगत. नामदेवांच्या गाथेत त्यांच्या आईचे, गोणाईचे आणि पत्नी राजाईचेही अभंग आहेत. विठ्ठलाच्या वेडापायी नामदेव प्रपंचाकडे पाहत नाहीत, ही त्यांतली तक्रार. आजोबा म्हणत, "राजाईचे भांडण रिकाम्या कणगीसाठी होते. वारकऱ्यांनी ते लपविले नाही, गाथेत जपून ठेवले. कणगी रिकामी ठेवून देव्हारा सजवू नये, एवढे त्यातून शिकावे."

हे त्यांचे केवळ बोलणे नव्हते. त्यांचे बालपण निजामी राजवटीत गेले. शाळेत उर्दू आणि सायंकाळी घरी हरिपाठ, अशा दोन भाषांत ते वाढले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तेव्हा ते अवघे तेरा वर्षांचे होते. पुढे आषाढीची वारी हे त्यांचे व्रत झाले. तथापि १९७२ च्या दुष्काळात ते पंढरपूरला गेले नाहीत. पेरण्या वाया गेल्या होत्या, पदरी लहान मुले होती आणि आजी एकटी पडली असती. त्या वर्षी त्यांनी परत एकादशीला पायी नर्सी गाठली, दर्शन घेतले आणि रात्रीच ते घरी परतले. वारी चुकल्याची खंत त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही.

नामदेवांच्या घरातील आणखी एक गोष्ट त्यांना फार प्रिय होती. त्या घरात आई, पत्नी, मुले, सुना अशा अनेकांनी अभंगरचना केली आणि प्रत्येकाने आपल्या नावाची मुद्रा घातली. गंगाखेडची जनाई त्या घरी दासी म्हणून आली आणि संतपदाला पोचली. आजोबांनीही आमच्यावर भक्तीची सक्ती केली नाही. दिवेलागणीला ते टाळ हाती घेत. ज्याला यायचे तो येई, न येणाऱ्याला कोणी रागावत नसे. शेतावरच्या सालगड्याची मुले आमच्याच पंगतीत जेवत आणि आमच्याच शेजारी हरिपाठाला बसत.

आज या मेळाव्यात एक सूचना आली आहे. गावच्या देवळाच्या सभामंडपासाठी देणगी द्यावी आणि तेथे आजोबांच्या नावाची फरशी बसवावी. माझा त्यास विरोध नाही. परंतु मंडळी, गावच्या घरात आजी एकटी आहे. आपण पुणे, संभाजीनगर, नांदेड येथे स्थिरावलो. वर्षभरात आपण तिला भेटून आलो, राहिला मात्र कोणीच नाही. जिच्यासाठी आजोबांनी वारी थांबविली, तिला एकटी ठेवून त्यांचे नाव दगडावर कोरणे त्यांना रुचले असते काय?

म्हणून माझी नम्र विनंती आहे. आपण सहा घरे आहोत. प्रत्येक घराने वर्षातील दोन महिने आजीकडे राहण्याची जबाबदारी घ्यावी. ज्याची पाळी असेल, त्याने दिवेलागणीला तिच्याजवळ बसून हरिपाठ म्हणावा. ज्याला येत नसेल, त्याने तो तिच्याकडून शिकावा. फरशीचा विचार त्यानंतर करू. पहिले दोन महिने माझ्या घराचे. श्रावण लागताच आम्ही गावी जात आहोत. उरलेल्या महिन्यांची नावे आजच, येथून उठण्यापूर्वी ठरवावीत.