मधुमेही मांजर आणि त्याची दृष्टी



या व्यासपीठावर अर्थकारणापासून अध्यात्मापर्यंत सारे विषय होऊन जातात. त्या ओळीत मांजराचे डोळे पाहून काहींना हसू आले असेल, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ज्यांच्या घरी म्हातारे मांजर आहे आणि त्याला रोज सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन टोचावे लागते, ती मंडळी हसली नसतील. आजचे बोलणे मुख्यतः त्यांच्याशी आहे.

मांजराला मधुमेह होतो हेच पुष्कळांना ठाऊक नसते. होतो, आणि माणसांना उतारवयात, अंगाने सुटल्यावर जो जडतो, बहुधा त्याच जातीचा होतो. घरात बसून लठ्ठ झालेला बोका अधाशासारखे पाणी पिऊ लागतो, भरपूर खाऊनही वाळतो, कधी मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालतो. वेळीच इन्शुलिन सुरू केले आणि भात-पोळी बंद करून मांसाहारावर ठेवले, तर काही मांजरांचे इन्शुलिन पुढे सुटतेदेखील. मग घरातली माणसे निश्चिंत होतात, आणि नेमके अशा वेळी एके सकाळी ते मांजर भिंतीवर आपटते.

पुष्कळदा हे लवकर ध्यानातच येत नाही. मांजर आपले आंधळेपण लपविण्यात मोठे हुशार असते. ते भिंतीच्या कडेकडेने चालते, उडी मारीनासे होते, रात्री विनाकारण ओरडते. दिव्याच्या उजेडातही डोळ्यांतली बाहुली मोठी आणि काळीभोर राहते. आपण हात हलवून पाहतो, मांजर डोळे मिटते आणि आपण म्हणतो, दिसते आहे! वास्तविक हाताचा वारा त्याच्या मिशांना लागलेला असतो. त्यापेक्षा कापसाचा बोळा त्याच्यासमोर उंचावरून सोडावा. कापसाला आवाज नाही, वाराही नाही. डोळस मांजराची नजर त्याच्याबरोबर खाली येते.

आता शेजारी जमतात आणि एकमुखाने निदान करतात : साखर डोळ्यांत उतरली, मोतीबिंदू झाला. हे निदान कुत्र्याच्या बाबतीत बरोबर ठरले असते. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना मोतीबिंदू होतो, कारण रक्तातली जास्तीची साखर भिंगात शिरून तिचे रूपांतर अशा पदार्थात होते की जो पाणी ओढून घेतो. भिंग फुगते आणि दुधाळ होते. हे रूपांतर घडविणारे द्रव्य म्हाताऱ्या मांजराच्या भिंगात फारच मंद असते. म्हणून मधुमेही मांजराला मोतीबिंदूने अंधत्व येणे विरळा. तेव्हा ‘मधुमेहच आहे, आता काय करणार’ असे म्हणून हात जोडून बसणे, हीच या प्रकरणातली सर्वांत महाग पडणारी गोष्ट आहे.

म्हातारे मांजर एकाएकी आंधळे झाले, तर पहिला संशय रक्तदाबाचा घ्यावा. मधुमेह हे त्या दाबाचे थेट कारण असतेच असे नाही. परंतु ज्या वयात मधुमेह येतो त्याच वयात मूत्रपिंडे थकतात, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी बेताल होते, आणि या दोन्हींपायी दाब चढतो. डोळ्याच्या मागचा पडदा एका रक्तवाहिन्यांनी भरलेल्या अस्तरावर चिकटलेला असतो. दाब बेसुमार झाला की त्या वाहिन्या पाझरतात. पावसाळ्यात भिंतीने ओल धरली म्हणजे आतून गिलावा सुटून फुगवटा येतो ना, तसा तो पडदा सुटतो. अस्तरापासून सुटला की त्याचे पोषण तुटते. म्हणून येथे तासांना किंमत आहे. लवकर दाब उतरविला तर पाणी शोषले जाऊन पडदा पुन्हा बसू शकतो आणि काही दृष्टी परत येऊ शकते. दिवसांमागून दिवस गेले तर आशा आटत जाते. त्यावर अँम्लोडिपीन हे औषध देतात. ते आजोबांच्या डबीतही सापडेल, परंतु मांजराची मात्रा ही त्या गोळीचा लहानसा तुकडा असते आणि तो किती, हे पशुवैद्यानेच ठरवावयाचे.

आणखी दोन कारणे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. एक म्हणजे इन्शुलिन जास्त होऊन साखर एकदम खाली येणे. तेव्हा डोळे ठीक असतात, मेंदू उपाशी असतो. मांजर झोकांड्या खाते, त्याला दिसेनासे होते, झटके येतात. हिरड्यांवर बोटाने मध चोळावा आणि तडक दवाखाना गाठावा. घशात ओतू मात्र नये. आपल्याकडे ४० युनिटांचे आणि १०० युनिटांचे अशी दोन्ही इन्शुलिने मिळतात आणि त्यांच्या सिरिंजा वेगळ्या असतात. १०० चे इन्शुलिन ४० च्या सिरिंजेत त्याच रेघेपर्यंत भरले तर मात्रा अडीचपट होते! दुसरे कारण एन्रोफ्लॉक्सॅसिन नावाचे प्रतिजैविक. दर किलो वजनास दिवसाला ५ मिलिग्रॅमहून अधिक दिले तर ते मांजराच्या पडद्याला इजा करू शकते. (नुसत्या दूधभातावर वाढविलेल्या मांजराचीही दृष्टी जाते, पण हळूहळू. त्यात टॉरिन पुरेसे नसते, आणि त्याच्या अभावी दृष्टी जाते हे १९७५ साली संशोधकांनी दाखवून दिले. तो विषय निराळा.)

आमच्या घरच्या बोक्याचे असेच झाले. वय १३, इन्शुलिन दोन वर्षांपासून. दाब मोजला तो २१० च्या वर निघाला. १६० च्या वर गेला तरी काळजी वाटावी अशी स्थिती असते. औषध त्याच दिवशी सुरू झाले. महिन्याभराने डाव्या डोळ्याला खिडकीचा उजेड कळू लागला, उजवा गेला तो गेलाच. ‘आता त्या जिवाला सोडवा,’ असे सांगणारे भेटले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्यांनी आपली भीती मांजराच्या अंगावर घातली होती. मांजराला आपल्या आंधळेपणाची लाज वाटत नाही आणि पुढच्या वर्षाची चिंता पडत नाही. त्याला हवे असते ते इतकेच, की पाण्याचे भांडे काल होते तेथेच आजही असावे.

खरा धोका पहिल्या चार-पाच दिवसांत असतो आणि तो निराळ्याच दिशेने येतो. बावरलेले मांजर कोपऱ्यात दडून बसते, ताटलीपर्यंत येत नाही, आणि घरचे लोक घड्याळाकडे पाहून ठरल्या वेळी नेहमीचे इन्शुलिन टोचतात. पोट रिकामे आणि औषध पूर्ण! म्हणून त्या दिवसांत आधी ताटली त्याच्या नाकापाशी न्यावी, वास कडक येईल असे कोमट मासे द्यावेत, ते खाताना डोळ्यांनी पाहावे आणि मगच सुई हाती घ्यावी. खाल्ले नाही तर मात्रा किती द्यावी हे डॉक्टरांना फोनवर विचारावे. शक्य असेल तर कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्तावर घरीच साखर पाहावी.

पुढचे सोपे आहे. खुर्च्या, पाट, वाळूची पाटी यांच्या जागा हलवू नयेत. आमच्या वहिनींनी दिवाळीची आवराआवर त्या वर्षी चक्क रद्द केली. गॅलरीला जाळी बसवावी. अंगाला हात लावण्यापूर्वी हाक मारावी. उचलून घेतले तर खाली सोडताना नेहमी एकाच जागी, पाण्याच्या भांड्याजवळ सोडावे, म्हणजे आपण कोठे आहोत हे त्याला तत्काळ उमगते. मिशा, कान आणि नाक यांनी ते पंधरा दिवसांत घराचा नकाशा पाठ करते.

आणि ज्यांचे मांजर अजून डोळस आहे त्यांनी, सात वर्षे उलटली की, वर्षातून एकदा तरी त्याचा रक्तदाब मोजवून घ्यावा. आजार असलेल्याचा त्याहून वारंवार. पुढच्या पायाला किंवा शेपटीला बोटभर रुंदीचा पट्टा बांधतात, दुखत काही नाही. फक्त डॉक्टरांना विनंती करावी, की आधी पाच-दहा मिनिटे त्याला मांडीवर शांत बसू द्या. परक्या खोलीत घाबरून दाब चढतो. म्हणून पहिला आकडा सोडून पुढच्या पाच-सहांची सरासरी धरतात.